ब्लॅक बटलर : सिएलची दया यावी की राग? (स्पॉयलर आहेत, जपून)

निळीशाई
मंडळी, इथे मांगा (जपानी कॉमिक्स) वाचणारे तुरळकच आहेत हे माहितीये तरी धागा काढतेय, कारण घरी बोलायला कुणी नाही आणि ऑफिसात विषय काढला की "अजून कार्टून बघतेस?" हे ठरलेलं.

तर याना तोबोसोची ब्लॅक बटलर. २००६ पासून जपानच्या जीफँटसी मासिकात चालू आहे, तिसाहून जास्त खंड झाले, संपायचं नाव नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: व्हिक्टोरियन इंग्लंड, बारा-तेरा वर्षांचा अर्ल (म्हणजे सरदार) सिएल फँटमहाइव. याचं घराणं म्हणजे राणीचा राखणीचा कुत्रा, पोलिसांना न झेपणारी आणि चारचौघांत न सांगण्यासारखी प्रकरणं निस्तरायची. १४ डिसेंबर १८८५, पोराचा दहावा वाढदिवस, त्याच दिवशी हवेलीवर हल्ला. आईबाप गेले, घर जळालं, पोराला एका पंथाच्या लोकांनी पिंजऱ्यात डांबलं, डागण्या दिल्या. महिन्याभराने पोरगं परत आलं ते काळ्या कोटातला एक बटलर घेऊन, नाव सेबास्टियन. बटलर म्हणजे साक्षात सैतान. सूड पुरा झाला की पोराचा आत्मा त्याचा, असा करार.

आता माझा प्रश्न. सर्कसवाला भाग परत वाचला. राणीचा हुकूम काय, तर पळवलेली मुलं शोधून आणा. सिएल बॅरन केल्विनच्या घरी पोचतो, मुलं जिवंत सापडतात पण डोळ्यांत काही म्हणजे काहीच उरलेलं नाही, आणि हा बटलरला सांगतो की सगळं जाळून टाक. मुलांसकट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पोराची दया आली होती, या वेळी सरळ राग आला. तुमचं काय?

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

जुनाखोडसाळ
चित्रांच्या पुस्तकात मुलं जाळतात? आमच्या वेळी चांदोबात फार तर वेताळ झाडावर जाऊन लटकायचा.

रातकिडा
@जुनाखोडसाळ काका, तो वेताळ प्रेतात शिरून बसलेला असायचा, ते तुम्ही विसरलात सोयीस्कररीत्या :-)

@निळीशाई, मला राग नाही आला. केल्विननं त्या तळघरात काय उभं केलंय ते बघा परत. सिएलला ज्या वेदीवर नेलं होतं हुबेहूब तशीच वेदी, कारण त्या म्हाताऱ्याला त्या रात्रीचं वेड लागलंय, आपण तिथे नव्हतो याचं त्याला दुःख आहे! आता त्या पोरासमोर तीच वेदी, तसाच पिंजरा, आत तशीच मुलं. तेरा वर्षांचं पोरगं तिथे काय शांत डोक्याने विचार करणार आहे का, की बुवा यांना आधी इस्पितळात नेऊ.

तिरफळ
असहमत. पॅनिकमध्ये गोळी झाडली हे मी समजू शकते (केल्विनला तो स्वतः मारतो). पण जाळायचा हुकूम तो भानावर आल्यावर देतो, सेबास्टियन त्याला आठवण करून देतो की मुलांना सोडवायला आलो होतो आपण, तरी देतो. ते पॅनिक नाही, तो निर्णय आहे. "ही मुलं आता परत येऊ शकत नाहीत" हे त्याला कुणी सांगितलं? तो स्वतः आलाच की परत.

रातकिडा
सैतान घेऊन आला. तेच तर म्हणतोय ना मी. परत यायचा एकच रस्ता त्याला माहितीये.

निळीशाई
@तिरफळ अगदी हेच मला नीट लिहिता येत नव्हतं. धन्यवाद.

कोकमसरबत
मला एक वेगळंच विचारायचंय. याला रहस्यकथा म्हणायचं का मुळात? डिटेक्टिव्ह कथेत बटलरच सैतान असेल तर मजा काय राहिली. लंडनच्या प्रत्येक माणसाची माहिती एका रात्रीत गोळा करतो, काटे-चमचे फेकून बंदूकवाले मारतो. जॅक द रिपरवाला भाग तर मला चक्क फसवणूक वाटली. सिएलच्या मावशीवर, मादाम रेडवर संशय येतो, पण खून होतो त्या वेळी ती दुसरीकडे असते, आणि खुलासा काय, तर तिचा मिळमिळीत बटलर ग्रेल मृत्युदूत निघाला. आता हे वाचकानं कसं ओळखायचं?

पॅथॉलॉजीवाला
रिपर भागापुरतं कबूल. पण मारेकरी कोण यापेक्षा का, तिथे तो भाग चांगला आहे. १८८८ चं लंडन, खऱ्या खुनांचीच पार्श्वभूमी. मादाम रेड डॉक्टर. बहिणीच्या नवऱ्यावर प्रेम, ते गिळलं. मग स्वतःचं लग्न, बग्गीचा अपघात, नवरा गेला, पोटातलं बाळ गेलं आणि गर्भाशयही काढलं. नंतर याच बाईकडे वेश्या गर्भपातासाठी येणार. कुठे तुटलं असेल ते कळतं. मारेकऱ्याला शरीरशास्त्र येत असावं ही चर्चा खऱ्या रिपरबद्दल तेव्हापासून आहेच, ती तोबोसोबाईंनी उचलून एका डॉक्टर बाईवर आणून ठेवली, मला आवडलं.

आणि फेअर रहस्य हवं असेल तर 'मर्डर' भाग वाचा. वादळात अडकलेली हवेली, पाहुणे, बंद खोलीत खून, मग चक्क बटलरचाच खून. आपल्याला माहीत असतं की तो मरू शकत नाही, पण हवेलीत अडकलेल्या होतकरू लेखकाला माहीत नसतं (डोळ्यांचा डॉक्टर, नाव आर्थर, कोण ते ओळखा). म्हणजे वाचकाला जास्त माहिती देऊनच गंडवलंय. विषारी सापाचा धागाही त्याच डॉयलसाहेबांना नमस्कार आहे.

कोकमसरबत
हं. तो भाग खरंच जमलाय. बाकी मत कायम.

ओवी_टोरांटो
धागा बघून काय आनंद झाला! इथल्या लायब्ररीत येन प्रेसचे इंग्रजी खंड मिळतात पण मधलेच दोन-तीन कायम कुणीतरी नेलेले. मी कॉलेजात असताना अॅनिमे (त्यावरची कार्टून मालिका) बघून सुरुवात केली आणि पहिल्या सीझनचा शेट बघून गोंधळ उडाला, नंतर कळलं की मांगा तेव्हा तेवढी पुढे गेलेलीच नव्हती म्हणून २००८ मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने शेवट जोडला.

पण मुख्य मुद्दा. कुणी अजून अग्नी आणि सोमाबद्दल का बोलत नाहीये??

चहाबाज
शेट नव्हे, शेवट. (शेटचा पण शेवट होतोच म्हणा त्या सीझनला.)

ओवी_टोरांटो
फोनवरून टंकतेय, समजून घ्या :D

रातकिडा
अग्नी!! जुनाखोडसाळ काका, तुमच्यासाठी: या कथेत बंगालच्या राजाचा सव्विसावा मुलगा सोमा लंडनला येतो आणि त्याचा खानसामा कम बॉडीगार्ड म्हणजे अग्नी. मूळचा ब्राह्मण, वाया गेलेला, देहदंड होणार असतो, सोमा वाचवतो आणि नवीन नाव देतो. मूळ नाव ऐका. अर्शद सत्येंद्र अय्यर.

जुनाखोडसाळ
एका माणसाचं??

चहाबाज
हे नाव घेऊन रेशनकार्ड काढायला गेला असता तर सैतानाशी करार परवडला असता.

तिरफळ
हाहाहा. आणि नंतर ती करी स्पर्धा. क्रिस्टल पॅलेसमध्ये, राणीच्या समोर. एका बाजूला अग्नी, ज्याच्या उजव्या हाताला देवीचा हात म्हणतात, वास घेऊन मसाला जुळवणारा, दुसऱ्या बाजूला सैतान ज्याला चवच कळत नाही. जिंकतो कोण? सैतान. कशावर? करी भरलेल्या तळलेल्या पावावर, कारण राणी म्हणते की हे लहान मुलांनाही काटा-सुरीशिवाय खाता येईल.

कोकमसरबत
म्हणजे जपान्यांनी वडापावला राणीच्या हातून पदक देववलं.

पॅथॉलॉजीवाला
करी-पान (हाच तळलेला करी-पाव) जपानात १९२० च्या दशकातलं, म्हणजे बटलरसाहेब चाळीसएक वर्षं पुढे. आणि जपानला करी मिळाली ती इंग्रजांमार्फत, त्यांच्या आरमाराच्या जेवणातून. आपल्याकडून इंग्लंड, तिथून जपान, आणि तिथून मांगात परत बंगाली राजपुत्राच्या पुढ्यात. एक मात्र आहे, राणीच्या घरात भारतीय माणसं असणं हे काही काल्पनिक नाही. १८८७ मध्ये जुबिलीच्या वर्षी आग्र्याचा अब्दुल करीम तिच्याकडे नोकरीला लागला आणि पुढे मुन्शी म्हणून तिला उर्दू शिकवायला लागला. गोष्ट घडते त्याच सुमारास.

ओवी_टोरांटो
मला सुरुवातीला तो सगळा भाग हास्यास्पद वाटला होता खरं तर. कालीची मूर्ती, फेटे, "देवीच्या कृपेनं" वगैरे. पण हळूहळू लक्षात आलं की या अख्ख्या मांगात मनानं निरोगी अशी जोडी एकच, अग्नी आणि सोमा. तिथे मालक-नोकर नातं आहे पण खाणारा कुणी नाही. म्हणूनच सिएलला ते दोघं सहन होत नाहीत. आणि मग २०१७ च्या आसपासचा तो प्रसंग. लंडनचं घर, दार धरून उभा असलेला अग्नी, पाठीत सुरे. तो सोमाला आत ढकलून दार अडवून उभा राहतो आणि तसाच मरतो. मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सोमा, जो तोवर फक्त मिठ्या मारणारा आणि पसारा करणारा मोठा झालेला बाळ होता, तो त्यानंतर सिएलसारखाच होतो. सूड पाहिजे एवढंच. निरोगी माणूस पण शिल्लक ठेवला नाही बाईंनी.

तिरफळ
+१. तो प्रसंग वाचून मला सर्कसपेक्षा जास्त त्रास झाला.

संपादक
मुख्य विषयाकडे परत येऊया का? पाककृती विभाग वेगळा आहे.

खिडकीपाशी
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते त्यामुळे असल्या गोष्टी वाचताना मेंदू सुट्टी घेत नाही.

निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सर्कसच्या भागात शोधू नका. जर्मनीतला हिरव्या चेटकिणीचा भाग आठवा. जंगलात वायू लागतो, सिएलचे डोळे जातात आणि त्याबरोबर तीन वर्षं पण जातात. तो परत दहा वर्षांचा. सेबास्टियन जवळ आला की किंचाळतो, कुणालाच हात लावू देत नाही, एकट्या फिनीला, घरच्या माळ्याला, सोडून. मोठा आवाज, मोठा माणूस, पांघरूण ओढणं, सगळ्याची भीती. मांगात हे बरेच पानं चालतं आणि ते घाईत उरकलेलं नाही हे मला फार आवडलं. एरवी पोरगं कसं आहे? ताठ, थंड, तिरकस, बुद्धिबळाच्या सोंगट्या हलवणारं. आपण त्याला कणखर म्हणतो. तो कणखर नाहीये, तो कुलूपबंद आहे. वायूनं फक्त कुलूप काढलं.

आणि त्यातून बाहेर येताना तो स्वतःशी काय कबूल करतो ते बघा. आईबाबांसाठी नाही, मेलेल्यांसाठी नाही, सूड मला स्वतःसाठी हवाय. हे वाक्य फार कमी कथांमध्ये पात्रांना बोलू देतात. नायक नेहमी "त्यांच्या आत्म्याला शांती" वगैरे म्हणतो.

कोकमसरबत
हे पटलं. पण मग सैतान त्याच्या मनात शिरून धमकावतो, तिथंच आत्मा खायला निघतो, आणि पोरगं "बरं" होतं. समुपदेशक म्हणून यावर तुमचं मत? :P

खिडकीपाशी
माझ्या ऑफिसात असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल. पण तो बरा झालाच नाही ना. परत कुलूप लागलं. सेबास्टियनला बरा झालेला मुलगा नकोच आहे, त्याला पिकलेला आत्मा हवाय, त्यासाठी जखम ओली राहायला पाहिजे. उत्तम चहा, वेळेवर अंघोळ, बुटांच्या नाड्या बांधणं, सगळं तो करतो आणि एकदाही त्या मुलाला बरं वाटेल असं काही करत नाही. मला या मांगातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट ती वाटते, मृत्युदूत बितदूत काही नाही.

रातकिडा
च्यायला. हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवतो.

पॅथॉलॉजीवाला
त्याच भागात ती चेटकीण, झिग्लिंडं. लहान मुलगी, पाय चिनी पद्धतीनं बांधलेले म्हणून चालता येत नाही, अख्खं गाव तिला सांगतंय की तू जंगलातल्या लांडग्यांपासून आम्हाला वाचवणारी चेटकीण आहेस, मंत्र पूर्ण कर. आणि मंत्र म्हणजे नवं रासायनिक अस्त्र, आणि जंगलातला तो वायू म्हणजे मस्टर्ड गॅस. १८८६ मध्ये जर्मनीतच व्हिक्टर मायरनं तो बऱ्यापैकी शुद्ध बनवला होता आणि युद्धात वापरला गेला १९१७ मध्ये बेल्जियममधल्या इप्रला. मधली तीस वर्षं बाईंनी गोष्टीसाठी वापरलीत. पुढे संगीत सभागृहाच्या भागात रक्तगटांचंही तेच, गाणी ऐकायला येणाऱ्यांना ताऱ्यांच्या नावाचे गट देऊन रक्त काढतात, कुणाला कळत नाही का. लँडस्टायनरनं रक्तगट मांडले ते १९०१ मध्ये, इथे त्याआधी बारा वर्षं कुणीतरी गुपचूप धंदा चालवतंय. लॅबमध्ये बसून वाचताना मजा येते.

तिरफळ
आणि ते रक्त कोणासाठी, ते पण सांगा की. आता स्पॉयलर म्हणून थांबायचं काही कारण राहिलं नाही.

पॅथॉलॉजीवाला
तुम्हीच सांगा, मला वॉर्डातून फोन आलाय.

तिरफळ
सांगते. सिएल सिएल नाहीये. जुळे होते. थोरला सिएल, वारस, निरोगी. धाकटा दम्यानं आजारी, भित्रा. पिंजऱ्यात दोघंही होते. पंथवाल्यांनी थोरल्याचा बळी दिला, त्यातूनच सैतान आला, आणि धाकट्यानं नाव विचारल्यावर भावाचं सांगितलं. आपण इतकी वर्षं ज्याला सिएल म्हणत होतो त्याचं खरं नाव, मी वाचलंय तिथपर्यंत तरी, बाईंनी अजून छापलेलं नाही. आणि थोरल्याचं प्रेत अंडरटेकरनं (प्रेतांची व्यवस्था बघणारा तो विक्षिप्त माणूस) शिवून, रक्त भरून उभं केलंय. तो एक दिवस दारात येऊन उभा राहतो आणि आपला हिरो स्वतःच्याच घरात तोतया ठरतो.

कोकमसरबत
आणि हे २०१७ मध्ये कळतं, अकरा वर्षांनी. मला अजूनही वाटतं की हे नंतर सुचलं असणार. जुळा भाऊ म्हणजे रहस्यकथेतली सगळ्यात स्वस्त पळवाट.

रातकिडा
अहो नाही! सर्कसच्या भागात पोराला दम्याचा झटका येतो आणि सेबास्टियनला माहीतच नसतं की याला दमा आहे. तीन वर्षं सांभाळणाऱ्याला माहीत नाही! तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटतं. अंगठी बघा, घराण्याची निळी अंगठी तो अंगठ्यात घालतो. सेबास्टियन हाक मारताना काय म्हणतो बघा, बहुतेक ठिकाणी "छोटे मालक", नाव नाही. करारात अट आहे की माझ्याशी कधी खोटं बोलायचं नाही. आणि खेळणी. धाकट्याला लंडनमध्ये खेळण्यांचं दुकान काढायचं होतं, थोरल्याला ते ऐकून रडू फुटलं होतं कारण दुकान म्हणजे वेगळं होणं. आणि आपला "सिएल" पहिल्या खंडापासून काय चालवतोय? फँटम, खेळण्यांची आणि मिठायांची कंपनी. कुठला अर्ल हौसेनं ससे विकतो?

कोकमसरबत
खेळण्यांचं दुकान... हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ठीक आहे, अर्धा मार्क.

ओवी_टोरांटो
एक तक्रार मी पण नोंदवते, एवढं कौतुक चाललंय म्हणून. त्या लहान मुलाला काही ठिकाणी ज्या नजरेनं काढलंय ते मला आवडत नाही. भाचीला ही मांगा द्यायची की नाही यावर मी अडते ती हिंसेपायी नाही, त्यापायी.

तिरफळ
सहमत. आणि ग्रेलवरचे विनोद. चित्रं इतकी देखणी, लेस, खुर्च्यांची कोरीव कामं, चहाच्या कपांच्या नक्ष्या, आणि मधेच असलं काहीतरी. उत्तरार्धात कमी झालंय पण.

निळीशाई
दोन दिवस नव्हते, धागा कुठच्या कुठे गेला! सगळ्यांचे आभार.

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद वाचून तो जाळण्याचा प्रसंग परत काढून बघितला. आधी फक्त संवाद वाचत होते, या वेळी चित्रं बघितली. पिंजऱ्यातली मुलं एकटी नाहीत, बरीच आहेत, एकमेकांशेजारी. आणि आता आपल्याला माहितीये की हाही पिंजऱ्यात एकटा नव्हता. म्हणजे तो तिथे स्वतःला बघत नसेल कदाचित, शेजारच्याला बघत असेल. जो परत आला नाही त्याला.

तिरफळ
हे भारी आहे. तरीही माफ नाही.

निळीशाई
माझंही माफ नाही :-) राग गेला नाही, पण आता त्या पोराचा कमी आणि त्या हुकमाला "होय मालक" म्हणणाऱ्याचा जास्त येतोय.

रातकिडा
आणि त्याच भागाचा शेवट विसरू नका. सर्कसची माणसं केल्विनसाठी मुलं पळवत होती ती कशासाठी, तर मागे राहिलेल्या अनाथालयातल्या पोरांसाठी. हे दोघं तिथे जातात तर अनाथालय कधीच पडून गेलेलं, गवत उगवलेलं. आणि सिएल हसतो. त्या हसण्याचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खिडकीपाशी
मला ते हसू नाही वाटलं कधीच. हुंदक्याच्या जागी आलेलं काहीतरी आहे ते.

कोकमसरबत
किंवा तो खरंच दुष्ट आहे आणि आपण सगळे त्याचे डोळे मोठे काढलेत म्हणून फसतोय. ही शक्यता पण ठेवा.

जुनाखोडसाळ
इतकं वाचल्यावर उत्सुकता चाळवली आहे. सुरुवात कुठून करावी? नातू म्हणतो अॅनिमे बघा.

रातकिडा
काका, मांगाच वाचा, खंड एकपासून. पहिले थोडे भाग हलकेफुलके आहेत, नोकरांची धांदल वगैरे, तिथे सोडू नका, रिपरपासून पकड घेते. अॅनिमेच बघायचं तर पहिल्या सीझनचे १ ते ६ आणि १३ ते १५ एवढेच, मग २०१४ चं सर्कस, त्यानंतर मर्डर, २०१७ चा जहाजाचा सिनेमा, मग शाळेचा भाग २०२४ चा आणि हिरव्या चेटकिणीचा २०२५ चा. दुसरा सीझन मांगात नाहीच, तो सोडला तरी चालेल.

ओवी_टोरांटो
दुसरा सीझन सोडायचा सल्ला देणाऱ्यांचा निषेध. वाईट आहे पण मजेदार आहे.

जुनाखोडसाळ
पहिला खंड नातवाच्या कपाटातच निघाला. चार पानं वाचली. बटलर आधी चहा ओततो आणि मालक नंतर उठतो, आणि शेवटच्या पानावर पुस्तकाचं नाव आहे. छपाईत गडबड आहे का?

चहाबाज
काका, उजवीकडून वाचायचं असतं.